‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’ मिठाच्या वाळवंटात: एका फँटसी मोहिमेचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातील पाच खेळाडू आणि एक डीएम असा हा गट काही वर्षे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग खेळाची पाचवी आवृत्ती, 2014 च्या नियमांनुसार, खेळत होता. डीएम म्हणजे डंजन मास्टर. कथेचे जग उभे करणे, खेळाडूंची पात्रे सोडून बाकी सगळ्यांच्या तोंडून बोलणे आणि नियमांचा अर्थ लावणे ही त्याची कामे. जुनी मोहीम संपली तेव्हा नवी मोहीम ‘बॅटलस्टार गॅलेक्टिका’ या दूरचित्रवाणी मालिकेवर बेतावी, असे आमच्या डीएमने सुचवले. मी या गटात फायटर खेळत होतो. मोहीम संपल्यावर डीएमने आपली टिपणवही मला वाचायला दिली आणि सर्वांनी लिहिण्यास संमती दिली. येथे कोणाचेही नाव दिलेले नाही. खेळाडूंचा उल्लेख त्यांच्या पात्रांच्या वर्गाने, म्हणजे पेशाने, केला आहे: फायटर (योद्धा), क्लेरिक (देवाच्या शक्तीने मंत्र म्हणणारा), ड्रुइड (निसर्गाचे मंत्र म्हणणारी), वॉरलॉक (करारातून जादू मिळवलेला) आणि रेंजर (रानात वावरणारी शिकारी).

मूळ मालिका 1978 साली अमेरिकेत प्रसारित झाली होती. गटासमोर होती ती तिची नवी आवृत्ती. रॉनल्ड मूर आणि डेव्हिड आइक यांनी ती डिसेंबर 2003 मध्ये लघुमालिका म्हणून आणली आणि पुढे ती 2009 पर्यंत चालली. माणसांनीच बनवलेली सायलॉन नावाची यंत्रे बंड करतात, युद्धविराम होतो, चाळीसेक वर्षे शांततेत जातात, आणि मग ती मानवी रूपात परतून माणसांच्या बारा वसाहती बेचिराख करतात. संग्रहालयात जमा होण्याच्या बेतात असलेली एक जुनी युद्धनौका वाचते, कारण तिच्या कप्तानाने तिच्यावरचे संगणक एकमेकांना कधी जोडू दिलेले नसतात. वाचलेल्या नागरी जहाजांचा ताफा या नौकेच्या आश्रयाने पळत राहतो. राष्ट्राध्यक्षपद येते ते वारसाक्रमात 43 व्या असलेल्या शिक्षणमंत्री बाईंकडे. लघुमालिकेनंतरच्या पहिल्याच भागाचे नाव ‘33’ आहे: पाठलाग करणारे दर 33 मिनिटांनी येऊन ठेपतात, ताफा दर वेळी प्रकाशाच्या वेगापलीकडची झेप घेतो, आणि पाच दिवसांहून अधिक काळ कोणाला धड झोप मिळालेली नसते. राष्ट्राध्यक्षांच्या फळ्यावर उरलेल्या माणसांची संख्या लिहिलेली असते. भाग संपताना ती 47,973 होते, आणि त्यात शेवटी मिळवलेला एक म्हणजे नुकतेच जन्मलेले मूल.

अवकाशातच खेळायचे असते तर सोपा मार्ग होता. मार्गारेट वाइस प्रॉडक्शन्सने 2007 साली या मालिकेचा अधिकृत रोलप्लेइंग खेळ काढला होता. पण गटाला तलवारी, मंत्र आणि ओळखीचे नियम सोडायचे नव्हते. शिवाय पाचांपैकी दोघांनी मालिका पाहिलेली नव्हती, तर तिघांना तिच्यातील प्रत्येक गुपित ठाऊक होते. त्यामुळे कथानक जसेच्या तसे उचलले तर तिघांसाठी ते शिळे होते आणि दोघांसाठी कोडे. उचलायची ती परिस्थिती, हे पहिल्याच बैठकीत ठरले.

अडचण

टिपणवहीच्या पहिल्या पानावर दोन रकाने आहेत. डावीकडे मालिकेतील वस्तू, उजवीकडे त्यांचे फँटसीतील पर्याय: जहाजाला गाडा, लढाऊ विमानाला घोडेस्वार, सायलॉनला मेलेल्यांची फौज. एका संध्याकाळी हे रकाने भरून झाले होते, आणि त्यांतील जवळजवळ एकही जोडी पुढे टिकली नाही. रूपांतराचे काम वस्तूंच्या अदलाबदलीत आहे असे मानले की ते फार लवकर पूर्ण झाल्यासारखे वाटते.

खरी अडचण दुसऱ्या पानावर आहे. मालिकेतील ताण कशावर उभा आहे, याची डीएमने तेथे नोंद केली आहे. बाहेर पोकळी आहे, म्हणजे ताफा सोडून जाण्यास जागा नाही. अन्न, पाणी आणि इंधन मोजके आहे. समोरचा माणूस खरा आहे की नाही, हे कळण्याचा मार्ग नाही. माणूस मेला की मेला, शत्रू मात्र नव्या देहात परत येतो. आणि सत्ता ज्यांच्या हाती आहे त्यांच्या हाती बंदूक नाही.

आता पाचव्या पातळीच्या पार्टीचे, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या गटाचे, मंत्र पाहावेत. ड्रुइडचा गुडबेरी हा पहिल्या श्रेणीचा मंत्र दहा बोरे देतो आणि एका बोरावर माणसाचा दिवस निघतो. क्लेरिकचा तिसऱ्या श्रेणीचा क्रिएट फूड अँड वॉटर पंधरा जणांना चोवीस तास पोसतो. झोन ऑफ ट्रुथमध्ये, म्हणजे पंधरा फूट त्रिज्येच्या वर्तुळात दहा मिनिटे, ज्याच्यावर मंत्र चालला त्याला जाणूनबुजून खोटे बोलता येत नाही. रिव्हिव्हिफाय मंत्राने मिनिटभरापूर्वी मेलेला उठून बसतो. थोडक्यात, मालिकेने तिच्या पात्रांपासून जे जे हिरावून घेतले आहे, ते ते या खेळाच्या पुस्तकाने खेळाडूच्या ओंजळीत आधीच टाकलेले आहे. राहता राहिली सत्ता. ज्या जगात एक जादूगार खोलीभर माणसांना जाळू शकतो, तेथे त्याने शाळेतल्या बाईंचे का ऐकावे, याचे उत्तर नियमांत कोठेच नाही.

विचारात घेतलेले पर्याय

मंत्रांबाबत तीन मार्ग समोर होते. पहिला, त्रासदायक मंत्र थेट बाद करणे. अनेक डीएम हेच करतात आणि त्यात काही गैर नाही. पण ड्रुइडच्या खेळाडूने सरळ विचारले की पोट भरण्याचे मंत्र काढल्यावर तिने ड्रुइड का खेळावे. दुसरा, नियमपुस्तकातील रुक्ष पर्याय वापरणे, ज्यात पात्रांच्या शक्ती परत मिळवून देणारी छोटी विश्रांती आठ तासांची आणि मोठी सात दिवसांची होते. त्यामुळे मंत्र आपोआप दुर्मीळ झाले असते, परंतु पळत्या ताफ्याला सात दिवसांची विश्रांती मिळणार कधी, हा प्रश्न उरला. तिसरा मार्ग क्लेरिकच्या खेळाडूने सुचवला: मंत्र जसेच्या तसे ठेवावेत आणि ताफ्यातील माणसे मोजावीत.

तो हिशेब निर्णायक ठरला. पाचव्या पातळीच्या ड्रुइडकडे सगळ्या श्रेणी मिळून नऊ स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्र म्हणण्याच्या नऊ संधी, असतात. सगळे गुडबेरीवर खर्च केले तर नव्वद बोरे, म्हणजे नव्वद माणसे. आणि त्या दिवशी ड्रुइडपाशी ना उपचार, ना लढाई. ताफ्यात पन्नास हजार माणसे असती तर नव्वद हा आकडा निरर्थक होता, आणि साठ असती तर प्रश्न सुटलाच होता. डीएमने 612 माणसे धरली. इतक्या माणसांत नव्वद बोरे पुरत नाहीत, आणि दुर्लक्षही करता येत नाही. नव्वद कोण, हे कोणीतरी ठरवावे लागते.

पोकळीसाठी समुद्र, जंगल आणि वाळवंट यांचा विचार झाला. समुद्रात मासे असतात, जंगलात शिकार आणि पळवाटा. अखेरीस मिठाचे सपाट वाळवंट निवडले गेले: आडोसा नाही, गवत नाही, पाणी नाही. नियमांनुसार माणसाला दिवसाला एक गॅलन पाणी लागते आणि उष्ण हवेत दोन, म्हणजे ताफ्याला रोज किमान 612 गॅलन. पाणी निर्माण करणारा पहिल्या श्रेणीचा मंत्र एका वेळी दहा गॅलन, सुमारे 38 लिटर देतो. झेपेच्या जागी वाळवंटात विखुरलेली पुरातन दगडी रिंगणे आली. एका रिंगणातून दुसऱ्यात जाता येते, पण नवे रिंगण जागे होण्यास वेळ लागतो आणि तेवढ्यात मागचे येऊन पोहोचतात.

शत्रू कोण, यावर सर्वांत जास्त चर्चा झाली आणि ती योग्यच होती. मेलेल्यांची फौज हा पहिला विचार बाद झाला, त्याचे एक कारण नियमांतले होते आणि दुसरे कथेतले. पॅलाडिन (धर्मयोद्धा) आणि क्लेरिक यांच्याकडे मृतवत प्राणी ओळखण्याची आणि हुसकावण्याची साधने असतात. वेशांतर केलेला शत्रू पहिल्याच दिवशी उघडा पडला असता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मेलेल्यांच्या फौजेचे माणसांकडे काही मागणे नसते. सायलॉनची बाजू जड होते ती त्यांना माणसांनी गुलाम म्हणून घडवलेले असल्यामुळे. राक्षस, बहुरूपी, परग्रहासारख्या मितींतील प्राणी हे सगळे याच कसोटीवर गळाले. उरले ते मातीचे सेवक: शहरांतील कारागिरांनी आव्यात भाजून घडवलेले, एकदा बंड करून निघून गेलेले आणि आता माणसांच्या चेहऱ्यांनी परतलेले. त्यांना मोहिमेत ‘मृण्मय’ म्हटले गेले. त्यांचा देह फुटला की स्मृती दूर कोठेतरी फिरत्या आव्यात परत जाते आणि नव्या देहात उतरते. नियमांच्या भाषेत ते कन्स्ट्रक्ट, म्हणजे कोणीतरी घडवलेले प्राणी, ठरले. डिटेक्ट ईव्हिल अँड गुड हा मंत्र ज्या प्राण्यांचा सुगावा देतो त्या यादीत कन्स्ट्रक्ट नाहीत, हे डीएमने तपासून घेतले होते. एक मंत्र तपासायचा राहून गेला. त्याचे पुढे येतेच.

सत्तेच्या प्रश्नाला वॉरलॉकच्या खेळाडूने सुचवलेले उत्तर मला या सगळ्यातील सर्वांत कल्पक वाटते. प्रत्येकाने दोन पात्रे खेळावीत: एक साहसवीर आणि एक ताफ्याच्या पंचायतीतील साधा माणूस, ज्याला वर्ग नाही, मंत्र नाही आणि ज्याचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची ताकद, नियमपुस्तकातील सामान्य माणसाएवढे, म्हणजे चार. साहसवीरांनी काय करावे हे पंचायत मतदानाने ठरवणार. वॉरलॉकच्या खेळाडूने स्वतः शाळेतल्या बाई घेतल्या.

काय केले

सुरुवात ‘33’ या भागाच्या धर्तीवर झाली आणि ती फसली. पाठलाग दर सहा तासांनी येणार, त्यामुळे आठ तासांची मोठी विश्रांती कोणालाच मिळणार नाही, असे डीएमने ठरवले होते. कागदावर हे मालिकेशी प्रामाणिक होते. प्रत्यक्षात फायटर आणि वॉरलॉक यांच्या बहुतेक शक्ती तासाभराच्या छोट्या विश्रांतीतही परत येतात, तर क्लेरिक आणि ड्रुइड यांचे स्लॉट मोठ्या विश्रांतीशिवाय भरत नाहीत. परिणामी दोन खेळाडू ताजेतवाने लढत राहिले आणि दोन खेळाडू रिकाम्या हातांनी बघत बसले. थकव्याच्या सहा पायऱ्या आहेत आणि सहाव्या पायरीवर मृत्यू. क्लेरिक तिसरीवर पोहोचला तेव्हा त्याचा खेळाडू कंटाळलेला होता, घाबरलेला नव्हता. मालिकेतील थकवा प्रेक्षक पाहतो, खेळातील थकवा म्हणजे दोन फासे टाकून त्यांतला लहान आकडा घेणे.

दोन बैठकींनंतर डीएमने कथेतील घड्याळ काढून टेबलावर खरे घड्याळ ठेवले. स्वयंपाकघरातला टायमर 33 मिनिटांवर लावला जाई आणि तो वाजला की मृण्मय क्षितिजावर दिसत, मग तेव्हा वाद चालू असो वा जखमींची मोजदाद. पात्रांना झोप मिळू लागली आणि खेळाडूंची घाई खरी झाली. तोवर आमच्या गटाला कोणताही बेत तासभर चघळण्याची सवय होती. ती टायमरने एका संध्याकाळीत मोडली.

फळा मात्र पहिल्या दिवसापासून होता. त्यावर 612 हा आकडा आणि त्याखाली हिऱ्यांची संख्या. रिव्हिव्हिफाय मंत्रात 300 सुवर्णनाण्यांचे हिरे खर्ची पडतात आणि मिठाच्या वाळवंटात हिऱ्यांचे दुकान नसते. ताफ्यात असे चार हिरे होते. मंत्राला हात न लावता मरण पुन्हा महाग झाले. पहिला हिरा पार्टीतील कोणासाठी वापरला गेला नाही. चाके दुरुस्त करणाऱ्या एकमेव सुताराला बाण लागला तेव्हा पंचायतीचे मत घेण्यास वेळ नव्हता आणि क्लेरिकने स्वतःच्या अधिकारात तो खर्च केला. पुढच्या पंचायतीत त्यावर जी खडाजंगी झाली तिच्यात पाचही खेळाडू आपल्याच साहसवीरांविरुद्ध बोलत होते. हिरे संपल्यावर वॉरलॉक मेला. त्याच्या खेळाडूने नवे पात्र ताफ्यातीलच एका माणसाचे घेतले, त्यामुळे फळ्यावरचा आकडा एकाने घटला तो घटलेलाच राहिला. नवे पात्र कोठूनतरी चालत येऊन पार्टीला मिळण्याची आमची जुनी पद्धत या मोहिमेत बंद झाली.

बोरांची यादी सुरुवातीला ड्रुइडच्या खेळाडूने करावी असे ठरले होते. प्रत्येक बैठकीच्या आरंभी ती नव्वद नावांचे गट जाहीर करी: लहान मुले, गाडीवान, दुखणाईत. काही काळाने तिने डीएमला सांगितले की तिला हे नको झाले आहे. यादी खोटी असली तरी दर आठवड्याला कोण उपाशी राहील हे सांगण्याची जबाबदारी एकाच माणसावर पडते आहे, आणि ती घरी गेल्यावरही डोक्यात राहते. डीएमपुढे तीन पर्याय होते: अन्नाचा प्रश्नच सोडवून टाकणे, यादी स्वतःकडे घेणे, किंवा ती सगळ्यांत वाटणे. त्याने यादी पंचायतीकडे दिली. ड्रुइड स्लॉट किती देणार एवढेच सांगे; नावे पाच जण मिळून ठरवत. या बदलानंतरच्या एका बैठकीत ताफ्याच्या वृद्ध कप्तानाने शाळेतल्या बाईंना म्हटलेले वाक्य माझ्या वहीत आहे: “बाई, तुम्ही द्याल ती यादी मी पाळीन. पण गाड्यांपुढे उभं राहून ती वाचायची तुम्हीच.” कप्तान डीएमचा होता, बाई वॉरलॉकच्या खेळाडूच्या. सत्ता आणि बळ यांच्यातील जो तिढा मालिकेत अनेक भागांत उलगडतो, तो येथे एका यादीवर येऊन ठेपला होता.

निर्णयाचा मुख्य क्षण: सुईची चाचणी

खेळाडूंपैकीच एखादा नकळत मृण्मय असू शकेल, हे डीएमने मोहिमेपूर्वीच्या बैठकीत लेखी सांगितले होते. ज्याला आपल्या पात्राचे असे होणे नको असेल त्याने खासगीत कळवावे, कारण विचारले जाणार नाही, अशी सोय होती. कोण, हे मात्र ठरवलेले नव्हते. ही कल्पना त्याने 2008 साली फँटसी फ्लाइट गेम्सने काढलेल्या याच मालिकेच्या बोर्डगेममधून घेतली. त्यात निष्ठेचे पत्ते खेळाच्या आरंभी वाटले जातात आणि मध्यावर पुन्हा एकदा वाटले जातात, त्यामुळे अर्ध्या खेळापर्यंत प्रामाणिक असलेला माणूस पुढे शत्रू निघू शकतो. टिपणवहीत मध्यावरच्या निवडीसाठी माझ्या फायटरच्या नावाभोवती वर्तुळ आहे.

मध्य जवळ आला असताना एका रात्री पाण्याचे निम्मे बुधले फोडले गेले. मालिकेतही असाच प्रसंग आहे: जहाजाच्या पाण्याच्या टाक्या उडवल्या जातात आणि ते करणारी वैमानिक शॅरन हिला आपण सायलॉन आहोत याची पुरती जाणीव नसते. क्लेरिकने झोन ऑफ ट्रुथ लावून पहारेकऱ्यांना प्रश्न विचारले आणि सर्वांनी खरेपणाने नाही म्हटले. येथे तो मंत्र बाद न केल्याचा फायदा दिसला. मंत्र फक्त जाणीवपूर्वक खोटे अडवतो. ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही त्याचे नाही खरेच असते. खोटे पकडणारे साधन हाताशी असूनही संशय वाढला, आणि तो मालिकेतल्यापेक्षा अधिक टोचणारा होता.

मग क्लेरिकच्या खेळाडूने क्युअर वूंड्स या साध्या उपचारमंत्राचे वर्णन पुस्तकातून मोठ्याने वाचले. त्याच्या शेवटी म्हटले आहे की मृतवत प्राणी आणि कन्स्ट्रक्ट यांच्यावर हा मंत्र चालत नाही. त्याचा प्रस्ताव सरळ होता: प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचावी आणि मंत्र म्हणावा, जखम भरली तर माणूस, न भरली तर मृण्मय. डीएमने चहाची सुट्टी जाहीर केली आणि गॅलरीत गेला.

त्याच्यापुढे तेव्हा जे पर्याय होते ते वहीत घाईच्या अक्षरात आहेत. मृण्मयांवर हा मंत्र चालतो असे फर्मान काढता आले असते. त्याला आधारही होता, कारण याच खेळाच्या एबेरॉन या जगातील घडवलेले वॉरफोर्ज्ड 2019 च्या पुस्तकात ह्युमनॉइड, म्हणजे मानवसदृश, मानले आहेत आणि त्यांना उपचार लागू होतात. पण मृण्मय कन्स्ट्रक्ट आहेत हे लढायांमध्ये अनेकदा बोलून झाले होते, आणि खेळाडूने पुस्तक वाचून मिळवलेला मार्ग बंद केला असता तर पुढे कोणी पुस्तक उघडले नसते. दुसरा पर्याय म्हणजे चाचणी चालू द्यायची आणि तिचा खर्च मांडायचा. क्लेरिकचे नऊ स्लॉट, दिवसाला नऊ माणसे. तोवर उरलेल्या सहाशेच्या आत-बाहेरच्या माणसांना दोन महिन्यांहून अधिक. ड्रुइडही तो मंत्र म्हणू शकत होती, परंतु तिचा एक स्लॉट म्हणजे दहा जणांचे जेवण. मालिकेत शास्त्रज्ञ बाल्टार सायलॉन ओळखण्याची चाचणी बनवतो तेव्हाही सगळ्या ताफ्याची तपासणी करण्यास कित्येक दशके लागणार असतात. आमच्या गटातील ज्याने ही चाचणी सुचवली त्याने मालिका पाहिलेली नव्हती, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. ताण नीट रचला गेला असेल तर खेळाडू मूळ कथेतील युक्तीपर्यंत स्वतःच पोहोचतो.

डीएमने चाचणी मान्य केली आणि त्या क्षणी त्याची स्वतःची योजना मोडली, कारण माझा फायटर पहिल्याच लढाईत त्याच मंत्राने बरा झाला होता. सगळ्यांचे जुने उपचार त्याने आठवून पाहिले. एकच पात्र सुटत होते. रेंजर नेहमी दूर उभी राहून धनुष्य चालवी, उपचाराचा एकही मंत्र तिने घेतलेला नव्हता आणि तिच्या सगळ्या जखमा विश्रांतीने किंवा ड्रुइडच्या बोरांनी भरल्या होत्या. गुडबेरीच्या वर्णनात कन्स्ट्रक्टचा अपवाद नाही. शिवाय बुधले फुटले त्या रात्री पाण्याच्या गाड्यांवर तिचाच पहारा होता, आणि हे सर्वांसमोर घडून गेले होते.

दुसऱ्या दिवशी डीएमने रेंजरच्या खेळाडूला फोन करून विचारले. तिने होकार दिला आणि एक अट घातली: उघड कधी व्हायचे ते ती ठरवेल. पुढच्या काही बैठकी ती गुपित सांभाळून खेळली. चाचणीचा क्रम पंचायत ठरवत होती आणि तिची स्वतःची पंच, एक गाडीवान बाई, दर वेळी रेंजरला यादीत मागे टाकत होती. हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नाही.

निष्पत्ती

रेंजर एका रात्री स्वतःहून सुईपुढे आली. मंत्र चालला नाही. पंचायतीत तीन विरुद्ध दोन अशा मतांनी तिला ताफ्यात ठेवण्याचा निर्णय झाला. पहारा आणि पाण्याची जबाबदारी काढून घेतली गेली. फिरत्या आव्याकडे जाणारा मार्ग तिलाच ठाऊक असल्याने मोहिमेचा उत्तरार्ध तिच्याभोवती फिरला. शेवटी आवा फोडला गेला. त्यानंतर मृण्मयांनाही मरण आले आणि त्यांच्यातील काहींनी तहाची बोलणी सुरू केली. ताफा डोंगरापलीकडच्या गोड्या पाण्यापाशी पोहोचला तेव्हा फळ्यावर 388 होते. तहात सामील झालेल्या मृण्मयांना त्या आकड्यात धरायचे का, यावर शेवटची पंचायत झाली आणि मतदान बरोबरीत सुटले, कारण ड्रुइडच्या खेळाडूची पंच तोवर मेली होती.

मोहीम वर्षभराहून थोडी अधिक चालली आणि सगळे खेळाडू अखेरपर्यंत टिकले. दोन पात्रांच्या योजनेने बैठकी लांबल्या. लढाई आणि पंचायत एकाच संध्याकाळी क्वचितच पूर्ण होत. ज्यांना मुख्यतः लढायचे होते, त्यात मी धरून, त्यांच्या वाट्याला काही बैठकींत एकही फासा आला नाही. तरी मागे वळून पाहताना मला आठवतात त्या पंचायती; लढायांपैकी दोन-तीनच.

काय वेगळे करता आले असते

टायमर पहिल्या बैठकीपासून हवा होता. विश्रांतीचे गणित कोणत्या वर्गाला किती लागते हे आधी मांडले असते तर सुरुवातीच्या दोन बैठकी वाया गेल्या नसत्या, आणि ते मांडण्यास अर्धा तासही लागला नसता.

मंत्रांची तपासणी शत्रूच्या बाजूनेही व्हायला हवी होती. डीएमने शोधमंत्र तपासले, उपचारमंत्र तपासले नाहीत. यातून मोहिमेला लाभ झाला हे खरे, पण तो रेंजर दूर उभी राहत असल्यामुळे. तिने एकदा जरी क्लेरिककडून उपचार घेतला असता तर पाचही पात्रे निर्दोष ठरली असती आणि मध्यावरची वाटणी रद्द करावी लागली असती. 2024 च्या नव्या नियमांत क्युअर वूंड्समधून मृतवत आणि कन्स्ट्रक्ट यांचा अपवाद काढून टाकलेला आहे, त्यामुळे नवे पुस्तक वापरणाऱ्या गटात ही चाचणी उभीच राहणार नाही आणि तिच्या जागी काय, हे आधी ठरवावे लागेल.

बोरांची यादी प्रथमपासून पंचायतीकडे असायला हवी होती. सेशन झिरोमध्ये, म्हणजे मोहिमेपूर्वीच्या बैठकीत, हिंसा, विश्वासघात यांबद्दल विचारले गेले होते. उपासमार कोणाला किती जवळून हाताळायची आहे, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही.

एका मुद्द्यावर गटात अजूनही एकमत नाही. क्लेरिकच्या खेळाडूचे म्हणणे असे की बुधले फुटले तेव्हा ते कोणी फोडले हे डीएमलाच ठाऊक नसेल, तर आपण सगळे मिळून ज्याचा तपास करत होतो तो गुन्हा घडलेलाच नव्हता. उत्तर प्रश्नानंतर लिहिले गेले. डीएम यावर मालिकेचा दाखला देतो. ज्यांची ओळख तिच्यात बराच काळ गुपित राहते ते शेवटचे पाच सायलॉन कोण, हे तिच्या लेखकांनीही सुरुवातीला ठरवलेले नव्हते. त्यांतील चौघांची नावे तिसऱ्या हंगामाच्या लेखनाच्या वेळी ठरली. क्लेरिकला हा दाखला मान्य नाही. मालिका पाहणाऱ्याने चुकीच्या माणसावर संशय घेतला तर त्याचे काही जात नाही. त्याने स्वतः मात्र निर्दोष माणसांवर दिवसाचे नऊ स्लॉट घालवले, आणि त्या दिवसांत उपचाराविना मेलेली माणसे फळ्यावरून पुसली गेली. मला त्याची बाजू अधिक भक्कम वाटते, जरी ठरवून न ठेवल्यामुळेच डीएमला सुईची चाचणी मान्य करण्याचे धाडस झाले हेही मला दिसते.

पुढच्या मोहिमेसाठी डीएमने तोडगा सुचवला आहे: गुन्हा घडेल त्याच दिवशी गुन्हेगाराचे नाव बंद पाकिटात घालून न खेळणाऱ्या एखाद्या मित्राकडे द्यायचे, आणि पाकीट मोहीम संपल्यावर सर्वांसमोर उघडायचे. क्लेरिकच्या खेळाडूने तो मान्य केला आहे. पाकिटावर तारीख असावी, एवढीच त्याची मागणी आहे.